दीर्घकालीन नियोजन आणि विभागप्रमुखांचा सहभाग : एक अभ्यास

पुढील वर्षाचे अंदाजपत्रक प्रत्येक धर्मादाय रुग्णालय तयार करते. पुढील पाच वर्षांचा विचार मात्र दैनंदिन कामाच्या व्यापात मागे पडतो. त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून चर्चेची सूत्रे त्रयस्थ समन्वयकाकडे सोपविण्याची पद्धत आम्ही अभ्यासली. तिचा सारांश देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर ठेवीत आहोत.

बैठकीत ज्येष्ठ डॉक्टर प्रथम बोलले, की मेट्रन, भांडारप्रमुख व समाजसेवा अधीक्षक बहुधा दुजोरा देऊन थांबतात. वास्तविक औषधांचा साठा कधी संपतो, खर्च ऐकून कोण परत जातो, हे त्यांनाच ठाऊक असते. यावर डेलबेक व व्हॅन डी व्हेन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७१ मध्ये मांडलेली 'नॉमिनल ग्रुप टेक्निक' उपयुक्त ठरते. तिच्या पायऱ्या अशा :

१. एका नेमक्या प्रश्नावर प्रत्येकाने न बोलता आपली मते लिहावीत.
२. आळीपाळीने एकेक मुद्दा सांगावा. समन्वयकाने तो फळ्यावर जसाच्या तसा लिहावा.
३. प्रत्येक मुद्द्याचा अर्थ स्पष्ट करून घ्यावा.
४. प्रत्येकाने स्वतंत्रपणे पसंतीक्रम द्यावा व त्याची बेरीज करावी.

समन्वयकाने स्वतःचे मत मांडू नये.

याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेत महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी कार्यरत खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. समजा, १०० खाटांपैकी २० खाटा परिचारिकांअभावी बंद राहिल्या, तर कार्यरत खाटा ८० उरतात आणि निर्धनांच्या वाट्याला १० ऐवजी ८ खाटा येतात. म्हणजे परिचारिकांची भरती हा केवळ आस्थापनेचा विषय नसून गरिबांच्या हक्काचा विषय आहे. नवीन यंत्राच्या चर्चेत हा मुद्दा मांडू शकेल ती मेट्रनच. तिला बोलण्याची संधी मात्र मिळावयास हवी.

बैठकीअखेर प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्ती, मुदत व रक्कम लिहावी. कोणते काम तूर्त हाती घ्यावयाचे नाही, हेही नोंदवावे. दर तिमाहीस विश्वस्त मंडळाने त्याचा आढावा घ्यावा. असे केले, तरच नियोजन कागदावर न राहता रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेल आणि देणगीदारांच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब त्या खाटेपाशी देता येईल.