दुकानाची पायरी

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत काय, अगर आपल्या खेड्यात काय, दुकानदार "या, बसा" म्हणतो की तोंड फिरवितो, ह्यावरून त्याच्या मनाची पारख होते. तीच गोष्ट गिऱ्हाइकाची. ह्याच शहरी गंगाराम कांबळे ह्यांनी 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल काढले. पण ते अस्पृश्य गणलेले, म्हणून तेथे कोणी फिरकेना. तेव्हा राजर्षी शाहू महाराज (राज्यकाल १८९४ ते १९२२) तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत व सोबतच्या मंडळींसही पाजीत. पुढे १९५० साली संविधानाच्या १५ व्या कलमाने दुकानांत असा भेद करण्यास मनाई झाली. कायद्याने दार उघडते. "या, बसा" हे शब्द मात्र मनातून यावे लागतात.

मननार्थ प्रश्न : आपण कोणाच्या दुकानाची पायरी टाळतो, व का?