मतभेद असो, अनादर नको

डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. संततिनियमनाची साधने प्रत्येक स्त्रीला मिळावीत, ही त्यांची तळमळ. गांधीजींचा मार्ग संयमाचा. कृत्रिम साधनांना त्यांचा ठाम विरोध. दोघांनीही आपला मूळ आग्रह सोडला नाही. तरीही स्त्रीने आपल्या जीवनाचा निर्णय स्वतः घ्यावा, यावर दोघांचे एकमत होते. पाळीच्या चक्रातील सुरक्षित दिवसांची पद्धत इतर साधनांइतकी खटकत नाही, हेही गांधीजींनी मोकळेपणाने मान्य केले.

बंधू-भगिनींनो, गर्भपात, संततिनियमन किंवा लैंगिक शिक्षणावर वाद निघाला की आपण काय करतो? कोणी समोरच्याला ‘अधर्मी’ म्हणतो, कोणी ‘जुनाट’. आणि जिच्या देहाचा, आयुष्याचा प्रश्न आहे, ती घरातली लेक-सून गप्प बसते. तिला आधी बोलू द्यावे.

संयम ही साधना आहे. ती स्वतः स्वीकारायची असते. दुसऱ्यावर लादली की तिचे बंधन होते.

या आठवड्याचा अभ्यास : विरोधकाचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडा, मगच आपले उत्तर द्या.