कॅनपीवरची रेघ काढताना

१/४८ मापाच्या एफ-१६ लढाऊ विमानाच्या बऱ्याच किटमध्ये कॅनपीच्या, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाच्या मधोमध, पुढून मागपर्यंत एक बारीक उंचवटा असतो. नवखे मॉडेलकार त्याला कारखान्याचा निष्काळजीपणा समजतात. तसं नाही. खऱ्या एफ-१६ची कॅनपी वर फुगलेली आणि खाली चौकटीपाशी आत वळलेली आहे. असा आकार वर-खाली उघडणाऱ्या साध्या साच्यातून निघत नाही, अडकतो. म्हणून साच्याची बाहेरची बाजू डावी-उजवी उघडावी लागते आणि ती जिथे मिटते तिथे ही रेघ उमटते. रेघ नको म्हणून बाजू सरळ करून टाकलेल्या कॅनपीपेक्षा मला ही केव्हाही बरी वाटते. रेघ काढता येते, चुकलेला आकार दुरुस्त होत नाही.

ओळखीचे मॉडेलकार बिघडलेल्या कॅनपी माझ्याकडे घेऊन येतात. त्या पाहून माझं मत पक्कं झालंय की रेघेने मॉडेल बिघडत नाही. बिघडतं ते रेघ काढण्याच्या घाईने.

मध्यंतरी एक कॉलेजातला मुलगा डबीत कापसात ठेवून अशीच कॅनपी घेऊन आला. "काका, रेघ पूर्ण गेलीय, पण काहीतरी विचित्र दिसतंय." कॅनपी स्वच्छ होती, एक ओरखडा नव्हता. मी ती ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू फिरवली. ट्यूबचं प्रतिबिंब बाजूवरून सरळ सरकत आलं आणि माथ्यावर येताच मोडलं, पलीकडे जरा सरकून पुन्हा सरळ झालं. त्याने दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून फक्त मधली पट्टी घासली होती. तिथला गोलावा जाऊन माथा सपाट झाला होता आणि आतली सीट वाकडी दिसत होती. आम्ही पट्ट्या काढल्या, माथ्याच्या दोन्ही अंगांना दूरवर घासत उतार जुळवला, तेव्हा कुठे प्रतिबिंब सरळ झालं. चिकटपट्टी लावायची ती चौकटीवर, तिथले बारीक रिव्हेट वाचवायला. काचेवर नाही.

कामाला हात घालण्याआधी कॅनपी स्प्रूपासून, म्हणजे किटमधले भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीपासून, कशी सोडवता ते बघा. पारदर्शक पॉलिस्टायरिन किटमधल्या राखाडी प्लॅस्टिकपेक्षा बरंच ठिसूळ असतं. कटर अगदी कडेला लावून दाबला तर तडा थेट काचेत शिरतो, आणि तो तडा कशानेच जात नाही. थोडा दांडा ठेवून कापा, उरलेला घासून काढा. मग कॅनपीच्या आत ब्लू टॅक (मऊ, चिकट पुट्टी) हलक्या हाताने भरा, म्हणजे वरून दाब आला तरी बाजू फाकणार नाहीत. आतून सहसा रेघ नसते. तिथे घासायला जाऊ नका.

रेघ आधी खरवडायची. ब्लेड कोरं करकरीत हवं. पातं काचेला जवळजवळ काटकोनात उभं धरायचं आणि स्वतःकडे हलकेच ओढायचं, ढकलायचं नाही. दर वेळी त्याच कोनात ओढलंत तर पातं थरथरतं आणि आडव्या बारीक लाटा उठतात. त्या घासून काढणं रेघेपेक्षा जड जातं. म्हणून एकदा उजवीकडे तिरपं, एकदा डावीकडे तिरपं असं ओढत राहा. बोटाला उंचवटा लागेनासा झाला की थांबा.

पुढचं काम वॉटर पेपरचं. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात १५०० आणि २००० नंबरचा मिळतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून ओलाच घासा. १५००ने आडवं, २०००ने उभं, असं दर नंबराला दिशा बदला. आधीचे ओरखडे मग आपोआप उठून दिसतात, आणि ते सगळे गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. नंबर बदलताना कॅनपी धुवा आणि पाणीही बदला. मागच्या कागदाचा एक कण उरला तरी शेवटपर्यंत छळतो. मायक्रो-मेश हे घासायचं कापड वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा: त्याचे नंबर वेगळ्या मोजणीचे आहेत. त्याचा १५०० हा साध्या १५००पेक्षा कितीतरी खरखरीत असतो. दोन्ही मिसळून वापरले की गोंधळ ठरलेला. खऱ्या विमानांच्या ॲक्रिलिक खिडक्याही याच कापडाने उजळतात, इतकं ते चांगलं आहे. त्याच्या १२०००पर्यंत पायरी-पायरीने जा.

मधेच काच दुधाळ होते तेव्हा पुष्कळांचा धीर सुटतो. ती तशीच व्हायला हवी. बारीक पॉलिशिंग कंपाउंड मऊ सुती कापडावर घेऊन गोल फिरवत राहिलं की ती उघडत जाते. इथे फिरत्या मशीनचा मोह टाळा. घर्षणाच्या उष्णतेने पॉलिस्टायरिन मऊ पडतं आणि क्षणात पृष्ठभाग ओढला जातो. थिनरचा बोळाही लावू नका, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

शेवटी कॅनपी धुऊन, वाळवून चकचकीत पारदर्शक ॲक्रिलिक व्हार्निशमध्ये बुडवा. उरलेल्या अतिबारीक ओरखड्यांत ते भरतं, प्रकाश विखुरणं थांबतं आणि काच स्वच्छ दिसते. खालचं टोक टिश्यूला टेकवून जादा थेंब ओढून घ्या आणि वर डबा पालथा घाला, नाहीतर धूळ बसते. एक पूर्ण दिवस तरी हात लावू नका.

१/१४४ मापाच्या मॉडेलवर मात्र पुष्कळदा मी रेघ तशीच ठेवतो. तिथली कॅनपी नखाएवढी असते, हाताळतानाच मोडायची भीती जास्त. आणि कुठल्याही मापाची असो, चिकटवायला सुपर ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने आतून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. फेव्हिकॉल वापरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि कॅनपी वाकडी बसली तर ओला असेपर्यंत सरळ करता येते.