जोडणीची जार बदलली. एक भाग चालला, दुसरा अडला

प्रश्न : आमच्या जिनिंगचा काटापावतीचा आणि हिशोबाचा प्रोग्रॅम बऱ्याच वर्षांपूर्वी जावात लिहिलेला आहे, माहिती मायएसक्यूएलमध्ये असते. संगणक बदलताना जोडणीची जुनी जार फाइल काढून नवी टाकली. हिशोबाचा भाग लाल अक्षरांत काहीतरी सांगत का होईना, पण चालू राहिला. काटापावतीचा भाग मात्र कंपाइलच होईना. डेटाबेस तोच, तक्ते तेच. मग चालत्या लायब्ररीची आतून उलथापालथ करतातच कशाला? आणि करण्याआधी तपासत नाहीत का? – एक वाचक, धुळे

उत्तर : एक भाग चालला आणि एक अडला, हे तुम्ही आवर्जून लिहिलेत ते बरे केलेत. सगळा उलगडा त्यातच आहे.

जार फाइलमधली लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमचे एसक्यूएल वाक्य घेते, सर्व्हरला कळेल अशा बाइट्समध्ये बांधून ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवते आणि परत आलेल्या बाइट्समधून आकडे, तारखा, अक्षरे काढून तुमच्या हातात देते. तिचा दर्शनी भाग जेडीबीसी, म्हणजे जावाने ठरवून दिलेला करार. त्याच्या मागे जे काही आहे ते लायब्ररी बनवणाऱ्यांचे. ते त्यांना केव्हाही हलवता येते.

मायएसक्यूएलच्या जावा लायब्ररीची ५.१ ही मालिका वर्षानुवर्षे चालली. तिच्यात जेडीबीसीचे काम आणि सर्व्हरशी बोलण्याचे काम एकमेकांत गुंतलेले होते. पुढे मायएसक्यूएलने एक्स प्रोटोकॉल नावाची सर्व्हरशी बोलण्याची दुसरी रीत आणली, तिचे पोर्ट ३३०६०. आता एकाच लायब्ररीला दोन्ही रीती यायला हव्यात, म्हणून गाभा वेगळा काढावा लागला आणि जेडीबीसी त्याच्यावर एक थर म्हणून बसवावे लागले. ही फेरमांडणी ६.० या चाचणीच्या मालिकेत झाली. सर्वांच्या वापरासाठी ती बाहेर आली एप्रिल २०१८ मध्ये, सर्व्हरच्या आकड्याशी जुळवून ८.० म्हणून. त्यामुळे ५.१ नंतर एकदम ८.० दिसते.

या उलथापालथीत वर्गांची नावे बदलली. ‘कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर’ हे नाव खानदेशातल्याच काय, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सापडेल, ८.० मध्ये त्यात ‘सीजे’ हा तुकडा आला. मग तुमचा हिशोबाचा भाग जुन्या नावावर कसा चालला? बनवणाऱ्यांनी जुन्या नावाचा एक वर्ग मुद्दाम शिल्लक ठेवला. मोजक्या ओळींचा आहे तो. नव्या वर्गाकडे काम सोपवतो आणि लाल अक्षरांत कळवतो की हे नाव आता जुने झाले, नवे नाव अमुक, आणि ड्रायव्हर हाताने लोड करायची बहुधा गरजच उरलेली नाही. तुमच्याकडे २०१८ सालीच उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले, पण १९९० पासून जुन्या नावाने दिलेल्या पदव्या काही बाद झाल्या नाहीत. तसेच हे.

काटापावतीच्या भागात बहुतेक वेगळेच घडले आहे. लिहिणाऱ्याने ‘कनेक्शन’ शब्द टाइप केला, एडिटरने दोन पर्याय दाखवले, एक जावाचा आणि एक मायएसक्यूएलचा, आणि दुसरा निवडला गेला. फार लोकांकडून होते हे. तो वर्ग कराराच्या मागच्या बाजूचा होता. तो हलला आणि तुमचा कोड उघडा पडला.

आता तपासणीचे. या लायब्ररीचा कोड खुला आहे, आणि मला त्यातले सर्वात वाचनीय वाटते ते चाचण्यांचे दालन. कुणीतरी दोष कळवतो, त्या दोषाला क्रमांक मिळतो आणि त्याच क्रमांकाच्या नावाने एक चाचणी लिहिली जाते. कोणे एके काळी कुणाच्या तरी दुकानात अडलेली गोष्ट तिथे कायमची नोंदलेली असते. आतले काहीही हलवले की या सगळ्या चाचण्या खऱ्या सर्व्हरवर पुन्हा चालवायच्या. हा साठा हाताशी नसेल तर मोठ्या फेरमांडणीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही फटी राहतात. भारतीय वेळेवर लावलेला लिनक्स सर्व्हर आपला वेळविभाग ‘आयएसटी’ असा सांगतो. ही तीन अक्षरे इस्रायलची आणि आयर्लंडचीही आहेत. ५.१ त्यावर काही बोलत नसे; ८.० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या ‘हा वेळविभाग ओळखता येत नाही’ म्हणून जोडणीच नाकारत. अंदाजाने वेळ सरकवण्यापेक्षा थांबणे बरे, हे मला पटते, पण भारतातल्या कितीतरी जणांचे प्रोग्रॅम त्यापायी अडले. जानेवारी २०२१ च्या ८.०.२३ मध्ये वेळेची हाताळणी नव्याने बसवली, तेव्हा कुठे हा अडसर गेला. अंदाज चुकला तर काय होते ते तुमच्याच धंद्यात बघा. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता गाडी काट्यावर चढली आणि कुणी ती वेळ साडेपाच तास मागे मोजली, तर पावती ३१ मार्चची होते. कापूस मागच्या आर्थिक वर्षात जातो.

देवनागरीचेही तेच. ‘धुळे’ या शब्दाला यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट लागतात, ध, उकार, ळ आणि मात्रा प्रत्येकी तीन. मोठा मजकूर तुकड्यांत वाचताना तुकडा नेमका ‘ळ’च्या मध्ये संपला आणि लायब्ररीने तो जपून जोडला नाही, तर अक्षर फुटते. निव्वळ इंग्रजी नावे घालून केलेल्या चाचणीत हा दोष सापडणार नाही, कारण तिथे अक्षराला एकच बाइट.

सगळेच जुने नाव सांभाळत बसत नाहीत. पायथनमधून पोस्टग्रेसशी जोडणारी सायकॉपीजी ऑक्टोबर २०२१ मध्ये तिसऱ्या आवृत्तीला नव्याने लिहिली गेली आणि वेगळ्या नावाने आली. जुनी व नवी एकाच संगणकावर शेजारी राहू शकतात. पीजीॲडमिन हे पोस्टग्रेसचे साधन २०२३ मध्ये तिच्यावर गेले. माझा कल या दुसऱ्या रीतीकडे आहे, कारण वापरणाऱ्याला आपल्या सवडीने एकेक भाग हलवता येतो.

तुम्ही असे करा. काटापावतीच्या भागातले मायएसक्यूएलच्या नावाचे सगळे इम्पोर्ट शोधा, त्याजागी जावाचे घाला. जुनी जार टाकू नका. डेटाबेसची एक प्रत काढून तिच्यात चार पावत्या मुद्दाम भरा : १ एप्रिलच्या पहाटेची एक, शेतकऱ्याचे लांबलचक मराठी नाव असलेली एक, ओलाव्याचा रकाना रिकामा सोडलेली एक आणि रकमेत पैसे असलेली एक. जुन्या जारवर त्या छापून घ्या, नंतर नव्या जारवर छापा आणि दोन्ही कागद ओळीला ओळ लावून बघा. नवा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होईल, त्याच्या आधी हे उरका. काट्यासमोर गाड्यांची रांग लागल्यावर जार बदलायला जाऊ नका.