आधी मूल, मग कागद



मालवण तालुक्यातील एका चिरेखाणीवर कामगार आईने मला विचारले, "दादा, दाखला नाही, मग पोरीला शाळेत कोण घेणार?" मी म्हणालो, "आधी कागद आणा." त्यात त्या मुलीचे वर्ष वाया गेले. चूक माझी होती.

2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. कलम 14 : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 15 : उशिरा आलेल्या मुलालाही घ्यावे लागते. कलम 4 : वयानुरूप वर्ग व मागे पडलेल्यास खास शिकवणी.

अनुवाद 24:17 परक्याच्या आणि पोरक्याच्या न्यायाविषयीच बोलते. खाणीवर, आंबाबागेत असे मूल दिसले, तर त्याच्या आईसोबत जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा. कागद मागाहून येतील.