बेंदराचा रंग आणि बैलाचे शिंग

आषाढ लागला की सातारा-सांगलीकडे बेंदराची तयारी सुरू होते. कर्नाटक सीमेलगतच्या गावांत ज्येष्ठातच कर्नाटकी बेंदूर होऊन गेलेला असतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा खिलार जनावरांचा मुलूख. खिलार बैलाची शोभा त्याच्या लांब शिंगांत, त्यामुळे ती साळून रंगवण्याची हौसही मोठी. अलीकडे या कामासाठी दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट सर्रास वापरला जातो. तो का टाळावा, हे समजण्यासाठी रंग कशाचा बनतो ते पाहू.

कोणत्याही रंगात छटा देणारी रंगद्रव्याची भुकटी आणि ती धरून ठेवणारे द्रव्य असते. चुन्याच्या सफेदीत चुनाच दोन्ही कामे करतो. जुन्या डिस्टेंपरमध्ये खडूच्या भुकटीला सरस धरून ठेवतो. ऑइलपेंटमध्ये पूर्वी जवसाचे तेल असे, आता बहुधा कृत्रिम राळ असते. तो पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन घालतात. ते उडून गेले तरी रंग केवळ त्यामुळे सुकत नाही. तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते व त्याचा पापुद्रा बनतो. तो पाण्याने निघत नाही. म्हणून पुढच्या बेंदराला काचेने किंवा कानशीने शिंग खरवडावे लागते. दरवर्षी असे साळल्याने शिंग पातळ होते. बुडाजवळ जिवंत भाग असल्याने तेथे रक्त येते, जखम चिघळते. रंगामुळे शिंगाचा श्वास कोंडतो असे काहीजण म्हणतात, ते खरे नाही. शिंगाचे वरचे आवरण नखासारखे निर्जीव असते.

खरा धोका रंगद्रव्यात आहे. ऑइलपेंटच्या पिवळ्या, नारंगी छटांसाठी शिसेयुक्त क्रोमेट फार वापरले गेले. केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनुसार नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. मात्र माळ्यावरचा जुना डबा या नियमाच्या आधीचा असू शकतो आणि कारखान्यांत वापरायच्या रंगांना हा नियम लागू नाही.

जनावरे एकमेकांना चाटतात. रिकामा डबा उकिरड्यावर पडला की वासरू तो चाटते. शिशाची विषबाधा वासरांना लवकर होते. दिसेनासे होणे, दात खाणे, गोल फिरणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, झटके येणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकास बोलवावे आणि रंगाचा डबा दाखवावा.

जुने ते सारे निर्धोक, असेही समजू नये. शेंदूर हा शिशाचाच प्रकार आहे. अस्सल हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. त्या नावाने बाजारात मिळणारा लाल रंग कशाचा असेल, याचा भरवसा नाही. गेरू, काव आणि हुरमुंज यांचा रंग मात्र लोहाच्या गंजाचा असतो. (हुरमुंज हे नाव इराणच्या आखातातील हुरमुझ बेटावरून आले आहे.) शिंगांसाठी हेच वापरावेत. गेरू रात्री भिजत घालून सकाळी घोटावा व त्यात बाभळीच्या डिंकाचे पाणी मिसळून लावावा. पावसाच्या सरीने तो उतरेल, उतरू द्यावा. मिरवणुकीपुरता टिकला की काम झाले. शोभेसाठी गोंडे, झूल आहेतच.

पूर्वीचा ऑइलपेंट शिंगावर असल्यास तो खरवडू नये. शिंग बुडाकडून वाढते, तसा जुना रंग वर सरकत जातो.

शिंगाच्या कर्करोगाच्या संभाव्य कारणांत कडक ऊन व जुवाच्या दोराचा घास यांबरोबर रंगाचेही नाव घेतले जाते. एकट्या रंगाने तो होतो असे सिद्ध झालेले नाही. तरीही बैल वारंवार डोके झटकत असेल, मान एका बाजूला कलती ठेवत असेल, शिंग खांबाला घासत असेल किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर तपासणी करून घ्यावी. सुरुवातीलाच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने शिंग काढून बैल वाचवता येतो. शिंग हलू लागेपर्यंत किंवा लोंबेपर्यंत थांबू नये.