लाकडाची पारख

मावळ तालुक्याच्या पूर्व भागात, तळेगावाहून चाकणकडे जाताना, सुदुंबरे हे गाव लागते. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे महाराज यांची समाधी येथे आहे. संताजींचा व्यवसाय तेल गाळण्याचा. जुन्या तेलघाण्यात लाकडी उखळात लाकडाचीच लाट फिरे, आणि लाकडावर लाकूड दिवसभर घासले जाई. असा घाणा घडविणारा सुतार दिसायला सुरेख लाकूड शोधीत नसे. बाभूळ किंवा चिंच यांसारखे जड आणि चिवट लाकूड शोधी. हाती आलेले लाकूड कोणत्या झाडाचे, हे त्याला अचूक ओळखावे लागे.

ही ओळख किती मोलाची असते, ते मी याच गावी, माझ्या आजोळी, लहानपणी पाहिले.

पावसाळा तोंडावर आला होता आणि घराच्या पुढच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली होती. आजोबांनी शहरातील एका वखारीतून सागवान म्हणून चौकटीची लाकडे आणविली. लाकडे कशी तांबूस, तकतकीत! सारे घर त्यांवरून हात फिरवीत होते. तेवढ्यात गावचे वृद्ध सुतार आले. आम्ही मुले त्यांना सुतारबाबा म्हणत असू. त्यांनी लाकडांच्या तकाकीकडे पाहिलेसुद्धा नाही. ते खाली बसले, पटाशीने एका लाकडाच्या कापलेल्या टोकाची पातळ कपची काढली आणि तेथे पाण्याचे बोट फिरविले.

"आबा, हा साग नव्हे. हा आंबा आहे. वरून रंग दिला आहे."

आजोबा काहीच बोलेनात. पैसे देऊन झाले होते आणि गाडीवान केव्हाच परतला होता.

मी मात्र सुतारबाबांना विचारले, "तुम्हांला कसे कळले?"

"ये बाळ, इकडे बस. लाकूड पाठीवरून ओळखायचे नसते, तोंडावरून ओळखायचे असते."

झाडाचे खोड आडवे कापले म्हणजे मध्यभागी गडद रंगाचा गाभा दिसतो आणि त्याभोवती फिकट कडा दिसते. गाभा पक्का असतो. कडेच्या लाकडातून झाडाचा रस वाहत असतो, म्हणून त्याला कीड लवकर लागते. कापलेले तोंड धारदार हत्याराने गुळगुळीत करून पाहिले, तर त्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची ती तोंडे होत. साग उन्हाळ्यात पाने गाळतो. पुढे नवी पालवी फुटते, तेव्हा त्याला पाणी भरपूर लागते आणि त्या वेळी तयार होणाऱ्या नळ्या मोठ्या असतात. नंतरच्या नळ्या लहान होत जातात. त्यामुळे सागाच्या तोंडावर मोठ्या छिद्रांची एक ओळ दर वर्षी एक वलय काढते. आंबा बारमाही हिरवा. त्याची छिद्रे सगळीकडे विखुरलेली असतात आणि वलये स्पष्ट उमटत नाहीत. रंग कुंचल्याने देता येतो, वलये कोण देणार?

हीच वलये, लाकूड उभे चिरले, की फळीवर रेषा होऊन दिसतात. करवत कशी चालली त्याप्रमाणे त्या कधी सरळ धावतात, तर कधी डोंगराच्या शिखरांसारख्या एकावर एक चढतात.

म्हणून रंग अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी असतो आणि त्यातून काळ्या रेघा गेलेल्या असतात. बाभूळ ताजी चिरली तर गुलाबी दिसते, पुढे तांबूस तपकिरी होते. चिंचेच्या फिकट पिवळट लाकडात काळपट जांभळा गाभा लहानसाच असतो. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची करीत आले, तो पांढुरका आणि हातात घेताच कळावा इतका हलका. पण फणस पिवळा आणि हेदूही पिवळा, तेथे काय करावे? पुन्हा तोंडच पाहावे. फणसाची छिद्रे सहज दिसतात. हेदूचा पोत इतका बारीक, की साध्या डोळ्यांना छिद्र सापडत नाही. कंगव्यासारख्या नाजूक कामास हेदू वापरतात तो यासाठीच.

सागाची आणखी एक खूण आहे. ताज्या ढलपीला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटांना किंचित तेलकटपणा लागतो. अंगच्या अशा द्रव्यांमुळेच वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. याच तालुक्यात कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताखाली सागवानी कमानी आहेत. त्या सुमारे २००० वर्षे टिकल्या आहेत.

सुतारबाबा उठले आणि परसातल्या पडक्या स्वयंपाकघरात गेले. तेथे चुलीच्या धुराने काळी ठिक्कर पडलेली एक तुळई होती. ती सरपणासाठीच ठेवलेली होती. त्यांनी तिच्यावर रंधा चालविला. चार हात मारताच काळ्या पापुद्र्याखालून सोनेरी तपकिरी लाकूड निघाले. मी ढलपी नाकाशी नेली. तोच वास!

त्या तुळईतून दोन बाह्या आणि वरची पट्टी निघाली; उंबरठ्यापुरते लाकूड उरले नाही, म्हणून तो बाभळीचा केला. पहिली सर येण्यापूर्वी चौकट उभी राहिली.

आंब्याच्या लाकडांची कोठीघरात मांडणी झाली. "आंबा वाईट नव्हे, आबा. त्याला ओलीत उभा करू नये, एवढेच," असे सुतारबाबा म्हणाले. काही वर्षांनी त्या मांडणीखाली पिठासारखा भुसा पडू लागला. आजी रोज सकाळी तो झाडून काढी आणि काही न बोलता आजोबांकडे पाही.